हात न लागलेला चिरूट

राजकुमारचा फोन आला तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती आग अजून विझलेली नाही. तेव्हा ती राजकुमारवर होती, एवढाच फरक.

राजकुमार म्हणजे ताराचंद शेठचा नातू. ताराचंद शेठचा आमच्या अड्याळला बिडीचा कारखाना होता आणि तिथं मी एकतीस वर्षं चेकर होतो. बाया घरी बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी सुपात बिड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, घेऊन खिडकीपुढं रांग लावायच्या. मी खिडकीच्या आत. सैल, आखूड, फाटक्या पानाची बिडी हाताला लागली की बाजूला काढायची. तिला छाट म्हणत. खिडकीतून मला फक्त हात दिसायचे, आणि चेकरनं हातापलीकडं बघू नये असा माझा कायदा होता. तोंड बघितलं की दया येते आणि दया आली की माल बिघडतो. नवीन जर्दा आला की पहिली बिडी मी ओढायचो. "डोमाची जीभ हो म्हणन तवाच पोते उतरवा," असं शेठ माझ्याकडं बोट दाखवून हमालांना सांगायचे. भंडाऱ्यातून गोंदिया तोडून वेगळा जिल्हा केला त्या वर्षी मी घरी बसलो. पुढं चार वर्षांत कारखान्यालाही कुलूप लागलं.

आणि आता हा नातू. पुण्याला शिकून आला, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

"काका, आजोबांचे चिरूट सापडले," तो फोनवर म्हणाला. "तळघरात. पत्र्याच्या पेट्या, मेणानं बंद केलेल्या. चोवीस वर्षं जुने. मुंबईचे एक पाहुणे येऊन राहिले, मोठ्या हॉटेलांना चिरूट पुरवतात. तुम्ही फक्त ओढून सांगा, माल जिवंत आहे का."

"मशीनचे ना ते?" मी विचारलं.

"हो, पण ते आपण नाही बोलायचं," तो हसला. "हातानं वळलेले म्हणून जाणार. तुमच्या गावच्या पार्वताबाई हो म्हणाल्या. मीच वळले म्हणून सांगतील. बॉक्सवर त्यांचा फोटो टाकू. तुम्ही फक्त चव सांगा."

मी फोन आपटला.

ती मशीन काय होती ते सांगतो. अठ्ठ्याऐंशी साली शेठनं मद्रासकडून एक जुनी मशीन आणली. बिडीत काय ठेवलंय, आता आपण चिरूट काढू, असं त्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवलं होतं. कारखान्याच्या मागं नवी शेड बांधली. मशीन बसली आणि शेठनं बिडीचं काम निम्मं केलं. मला बोलावून म्हणाले, चाळीस बायांची नावं दे, ज्यांचं काम कच्चं आहे. मी दिली. ज्यांची छाट जास्त, त्यांची नावं. नात्यागोत्याचं पाहिलं नाही, ओळखीचं पाहिलं नाही. त्यात पार्वताबाईचंही नाव होतं. तिच्या बिडीचं तोंड सैल राहायचं, त्याला मी काय करणार? यादी प्रामाणिक होती.

पण चाळीस चुली थंड झालेल्या बघून माझंही डोकं फिरलं. मशीनवर. यादी ज्याच्यामुळं द्यावी लागली त्या लोखंडावर. पौर्णिमेला विहारात सगळे जमले होते, तिथं मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जो कोणी त्या मशीनच्या कामाले हात लावन, त्याच्या घरचं पाणी आपण प्यायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतः त्या मागच्या शेडचं तोंड पाहिलं नाही. अकरा महिने मशीन खडखडत होती आणि अकरा महिने मी त्या बाजूचं दार उघडलं नाही. मग चिरूट खपेनात, मशीन भंगारात गेली, आणि मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

आणि आता त्याच मशीनचा माल घेऊन पार्वताबाई सांगणार, मी वळला! जिची भाकर मशीननं पळवली, तिच्याच फोटोखाली मशीनचा माल विकायचा. ह्याला निर्लज्जपणा म्हणतात. मी तेव्हाच ठरवलं की जायचं, ओढायचं, आणि पाहुण्याच्या तोंडावर खरं सांगायचं. वाटलं होतं, माल सडलेला निघेल. देव तर मी मानत नाही, पण सडलेलाच निघो असं मनातून मागत होतो.

सकाळच्या पवनी-भंडारा गाडीत पार्वताबाई माझ्या आधीच बसली होती. नवं लुगडं, तोंडाला पावडर, केसांना तेल. वय पासष्टच्या पुढं, हाताची बोटं वाकडी झालेली. मला बघून तिनं "जयभीम, डोमाभाऊ" म्हटलं आणि सरकून जागा दिली. मी बसलो आणि गाडी निघायच्या आत सुरू झालो.

"पार्वताबाई, कायले खोटं बोलाले चालल्या तुमी? तुमी चिरूट कवा वळला?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मले फोटो पायजे," एवढंच म्हणाली.

"फोटो? ह्या वयात?"

"ह्या वयात नाही तं कवा? बारा वर्साची होती तवापासून बिडी वळली. कट्ट्यावर फोटो कोनाचा होता? ताराचंद शेठचा. त्याईनं एक तरी बिडी वळली काय?"

"म्हनून मशीनच्या मालावर आपला फोटो लावायचा? लाज नाही वाटत?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती. ओठ हलले, पण मग तिनं नुसता पदर नीट केला. मला वाटलं, लाजली. मी आणखी दोन-चार गोष्टी सुनावल्या. चाळीस बायांची आठवण करून दिली, विहारातल्या शब्दाची आठवण करून दिली. भंडारा येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि मी आपला समजत होतो की माझं बोलणं तिच्या मनाला लागतंय.

भंडाऱ्यातला शेठचा बंगला तसाच होता. पडवीत मोठं टेबल मांडलेलं, त्यावर पांढरी चादर. एका बाजूला खुर्चीवर पार्वताबाईला बसवलं, मांडीवर सूप दिलं, सुपात तेंदूची पानं. ह्या गाढवांना एवढंही कळत नव्हतं की तेंदूच्या पानाचा चिरूट होत नाही, तो सगळाच तंबाखूच्या पानाचा असतो. फोटोवाला पोरगा तिच्या तोंडावर दिवा धरून "आई, हसा, थोडं इकडं बघा" करत होता. अर्धा तास ती हसत होती. मी इतक्या वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्याचाही मला राग आला.

मुंबईचे पाहुणे साठीच्या आतले, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी पेटीचं मेण स्वतः फोडलं. वास आला आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. राग असो नसो, नाकाला त्याचं काय.

मोहफुलं वाळवून टोपली रिकामी केल्यावर तिच्यात जो वास राहतो, तो होता. बुरशी नाही, उग्रपणा नाही. मी एक उचलला. कानाजवळ धरून दोन बोटांत दाबला. चरचरला नाही, दबून परत फुगला, म्हणजे कोरडा पडला नव्हता. तळघराची ओल कामी आली होती. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. तिन्हींचं वजन एक, जाडी एक, शिवण त्याच जागी आणि डिंकाची रेघ तिथंच. हातानं वळलेल्या दोन बिड्यासुद्धा जुळ्या नसतात. तीन चिरूट असे निघाले म्हणजे मशीनच, त्याला जीभसुद्धा लावायला नको.

राजकुमारनं लायटर पुढं केला. मी काडीपेटी मागितली. काडीचा गंधक जळू दिला, मग ज्योत दूर धरून चिरूट फिरवत पेटवला. बिडीचा धूर छातीत घेतात, ह्याचा तोंडात घोळवून सोडायचा. एवढं शेठनं मला त्या वेळी शिकवलं होतं, मी त्यांचा चिरूट कधी तोंडाला लावला नाही ही गोष्ट वेगळी.

पहिला झुरका घेतला आणि मनातल्या मनात शिवी हासडली.

माल उत्तम होता. जुना गूळ, वाळलेलं तणस. जरा वेळानं भाजलेल्या चण्याच्या सालीसारखी चव, जिभेच्या कडेला मिऱ्याची किंचित चुरचुर. आतला तंबाखू बारीक कापलेला होता, त्यामुळं राख लवकर पडत होती. आतल्या वेष्टणाला थोडी कागदी चव होती. एवढे दोन दोष सोडले तर बोट ठेवायला जागा नव्हती. मी दोष शोधत होतो. एकतीस वर्षं मी दुसरं केलंच काय होतं? कडवटपणाची वाट बघत अर्ध्यापर्यंत आलो, मग अर्ध्याच्या खाली. पानाची शीर तंबाखूत राहिली असेल तर ती इथंच कळते. जळकं लाकूड घशाला लागावं तसा ठसका बसतो. बसला नाही. एकही शीर नव्हती. इतकं साफ पान मी जन्मात ओढलं नव्हतं.

"काय काका?" राजकुमारनं विचारलं.

मी चिरूट बशीत ठेवला. खोटं बोलून माल वाईट आहे म्हणता आलं असतं. पण जिभेशी बेइमानी मी कधी केली नाही, त्या दिवशीही करणार नव्हतो. मी पाहुण्यांकडं बघून बोललो.

"माल चांगला आहे. चोवीस वर्षांत सगळा उग्रपणा गेला. राख लवकर पडते, आतलं वेष्टण कागदी आहे. पण साहेब, हा हातानं वळलेला नाही. हा मशीनचा माल आहे. कोणत्याही बाईनं हा वळला नाही."

राजकुमारचं तोंड उतरलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. चढलेल्या माणसाला उतरायची पायरी दिसत नाही.

"आणि मी तर म्हणतो," मी पुढं म्हणालो, "ह्यातली शीर बघा. एक धागा नाही. हाताचं काम असतं तर कुठं ना कुठं शीर राहिली असती. मशीन होती म्हणून इतकं साफ निघालं. ह्या मालाला माणसाचा हातच लागलेला नाही."

पाहुणे माझ्याकडं बघतच राहिले. मग हसले. "मला शिवण बघून शंका आली होती," ते म्हणाले. "हातानं वळलेले सगळेच विकतात. पण सव्वीस पेट्या, बंद पडलेल्या मशीनच्या, पुन्हा कधी न होणाऱ्या, आणि इतक्या साफ! राजकुमारजी, हेच लिहू. चोवीस वर्षं जुना, हात न लागलेला. आणि फोटो ह्यांचा. ही जीभ हवी आपल्याला."

राजकुमार असा फिरला की बघत राहावं. "अरे वा काका! तुम्ही तर सोनं केलं!" लगेच फोटोवाल्याला हाक. दिवा उचलला. तो पोरगा पार्वताबाईला म्हणाला, "आई, जरा खुर्ची सोडता का? उजेड इथंच चांगला आहे."

ती उठली. सूप कुठं ठेवावं तिला कळेना, तर तिनं ते भिंतीला टेकवून ठेवलं. मी त्या खुर्चीवर बसलो. लपवत नाही, मी टोपी नीट केली. हनुवटी वर केली. खोट्याचं नाक कापलं, एका बाईची अब्रू वाचवली आणि वर आपला फोटो, असं सगळं एकदम अंगात भिनलं होतं.

फाटकाबाहेर ऑटोची वाट बघत उभे होतो. मीच बोललो, "वाचल्या तुमी, पार्वताबाई. खोट्याच्या डब्यावर तुमचं तोंड लागलं असतं तं..."

"डोमाभाऊ," ती म्हणाली, "शीर मशीन काढत नसे."

मला आधी कळलंच नाही.

"मशीन वळे, कापे, डिंक लावे. शीर नव्हती काढत. शीर काढलेलं तंबाखूचं पान लागे तिले." तिचा आवाज चढत गेला. "तुमी यादी देली ना, माही बिडी बंद झाली. मंग मुनीम मांगच्या दारानं पान देऊन राहिला होता. अंधार पडला का मी पोतं आनो, घरी शीर काढो आनि उजाडाच्या आंधी परत नेऊन देओ. अकरा महिने. एक एक पान मांडीवर पसरून, नखानं. तुटलं पान तं मुनीम घेत नसे."

"कोनाले बोलल्या नाही तुमी," मी म्हणालो.

"कसी बोलू? इहारात तुमी काय बोलले होते? माह्या घरचं पानी कोन पेलं असतं? माही सासू मेली तवा खांदा द्याले कोन आलं असतं?" ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "चोवीस वर्सं पोटात ठेवलं. ह्या राजकुमारनं इचारलं, चिरूट तुमी वळला म्हनून सांगता काय, तं मी हो म्हनली. वळला नाही मी, खरं हाये. पन मालूम होतं मले, ते पान माह्या हातचं हाये. अरधं तरी खरं होतं. कोठी तरी माहं तोंड लागलं असतं. आनि तुमी तेथी बसून सांगता, माणसाचा हात नाही लागला!"

"गाडीत काहून नाही सांगितलं?"

"तुमी बोलू देलं काय?"

ऑटो येऊन थांबला होता. मी त्याला थांब म्हटलं आणि परत आत गेलो. जवळजवळ धावतच. राजकुमार आणि पाहुणे जेवायला बसले होते. मी जोडे न काढताच आत शिरलो.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "शीर हातानं काढली आहे. त्या बाईनं काढली. ते साफ पान तिचं काम आहे, मशीनचं नाही. तसं लिहा. तिचा फोटो लावा."

पाहुण्यांनी पाण्याचा घोट घेतला. "हात लागलाच असेल तर मग मजा जाते हो," ते शांतपणे म्हणाले. "वळला मशीननं, शीर हातानं, हे कोण वाचणार? वाक्य छान झालंय, राहू द्या."

"मग माझा फोटो काढून टाका."

"तुमची मर्जी. फोटो नसला तरी चालेल."

मी राजकुमारकडं वळलो. वाटलं, शेठचं रक्त आहे, काहीतरी बोलेल. "काका, हे तर वरातीमागून घोडं झालं," तो म्हणाला, आणि हसून पुढं म्हणाला, "आजोबा सांगायचे, डोमानं छाट म्हटलं की शेठनं सांगूनही ती बिडी परत कट्ट्यात जात नसे. आता तुम्हीच कसे बदलता?"

मी टेबलावर हात आपटला. पाहुण्यांच्या ताटाशेजारी ठेवलेला चिरूट खाली पडला, वरणाची वाटी कलंडली. तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आजोबांना बोललो, पाहुण्यांना बोललो, मशीनला बोललो. दोघंही घास हातात धरून ऐकत राहिले. नोकर आला आणि माझ्या दंडाला धरून मला पडवीपर्यंत आणून सोडलं. आतून पाहुण्यांचा आवाज आला. ते विचारत होते, जीभ एवढी चांगली आणि डोकं असं कसं. शिव्या देतानाच मला कळत होतं की मी चुकीच्या माणसांना शिव्या देतोय.

फाटकाशी पार्वताबाई उभीच होती. ऑटो निघून गेला होता. आत काय झालं ते माझ्या तोंडावरून तिला कळलं असणार. तोंडावरची पावडर घामानं ओघळली होती आणि ती पदरानं पुसत होती.

खिडकीवर एकतीस वर्षं बसलो. हजारो सुपं माझ्या पुढून गेली. बाया हात जोडायच्या, भांडायच्या, रडायच्या. जो शब्द मी एकीलाही कधी म्हटला नव्हता, तो मी भर रस्त्यात, उन्हात उभं राहून म्हणालो.

"पार्वताबाई, माही चूक झाली."

तिनं पदर खाली घेतला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कोनती?" तिनं विचारलं.